काकांनी मार्कचा सातवा अध्याय वाचला आणि मी उपासनेतून उठून आलो, चुकलं का माझं?

मिरज_मेडिकलवाला

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथं नुसतं वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मिरजेत एका मेडिकलमध्ये कामाला आहे, वय २९. घराणं चार पिढ्या ख्रिस्ती. माझे थोरले काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ते आमच्या मंडळीत वडील आहेत, म्हणजे वयानं वडील असं नाही, निवडून दिलेले वडील, कमिटीवाले. दशांश दर महिन्याला एक तारखेला. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, चाळीस दिवस एकवेळचं जेवण. प्रार्थनेला उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरं मोबाईलवर घड्याळ लावतात, अकरा मिनिटांचा रेकॉर्ड आहे. गेल्या वर्षी चर्चच्या नव्या फरशीला त्यांनी मोठी रक्कम दिली, तर दारात त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवलीय, चप्पल काढायला वाकलं की आधी तीच दिसते.

आता दुसरी बाजू. आमची आज्जी, आप्पांची सख्खी आई, वाळव्याकडं गावात जुन्या घरात राहते, सोबत विधवा आत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा मागची मातीची भिंत बसली, आणि ती अजून तशीच आहे, पत्रा आणि ताडपत्री लावून भागवलंय. पाऊस लागला की आज्जीची खाट चुलीजवळ सरकवतात. आप्पांचा विश्रामबागेत दुमजली बंगला आहे. भिंतीचं काढलं की म्हणतात, "देवाच्या कामाला दिलंय रे, आता हात आखडलाय." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, दोनदा.

तर गेल्या रविवारी वाचनाची पाळी आप्पांची आणि धडा कुठला, बायबलातला मार्क सात! जिथं येशू परूशांना, म्हणजे धर्म कडक पाळणाऱ्या यहुद्यांना, म्हणतो की कुणी आईबापाला सांगितलं, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते कुर्बान म्हणजे देवाला अर्पण केलंय, की मग तुम्ही त्याला आईबापासाठी काहीच करू देत नाही. आप्पांनी ते अख्खं वाचलं. आवाज खणखणीत, एक उच्चार चुकला नाही, कुर्बान शब्दावर तर थांबून वर बघितलं पण. मला वाटलं आता तरी अडखळतील. कुठलं काय. माझ्या शेजारी बसलेल्या चुलतभावानं मान खाली घातली.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं आणि भाकरीची ताटली आमच्या रांगेत फिरवणार आप्पाच. ते दोन बाकं पुढं आले आणि मी उठलो, सरळ बाहेर. आई घरी आल्यावर बोलली नाही दोन दिवस, मग बोलली ती एवढंच की चारचौघांत शोभा केलीस.

माझे प्रश्न असे. असल्या माणसाच्या हातून भाकर घेणं बरोबर आहे का. वचन वाचणारा स्वतःच वचन पाळत नसेल तर आपण ते ऐकायचं कशाला. आणि पाळकसाहेबांना जाऊन सांगू का, का ते पण फरशीवरच उभे आहेत.

सांगलीचा_भडंग

मंडळी बदल भावा. सांगली-मिरजेत काय कमी फेलोशिप हायत व्हय. फक्त एक सांगतो, मी तीन बदलल्या, तिन्हीकडं कुणाचे ना कुणाचे आप्पा होतेच. चौथीकडं बघतोय, पोरं म्हणतात चहा चांगला असतोय.

निवृत्त_मास्तर_सांगली

बाळा, धडा नीट ऐकलास म्हणून तुला राग आला, नाहीतर त्या दिवशी ऐंशी माणसं तेच ऐकून दुपारी मटण खायला गेली असतील. तेव्हा रागाबद्दल तुला बोलत नाही.

दोन-तीन गोष्टी सांगतो, चाळीस वर्षं शाळेत शिकवल्यानं सवय लागलीय, कंटाळा आला तर खाली सरक.

आपल्या बायबलात 'ढोंगी' असं येतं तिथं मूळ ग्रीक शब्द हुपोक्रितेस, आणि त्याचा साधा अर्थ नट. रंगभूमीवरचा नट, मुखवटा लावून काम करणारा. आता हे सांगलीकराला समजावून सांगायची गरज नाही, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर उभं केलं, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आपण. पण मी नाटकात कामं केलीत म्हणून सांगतो, नटाला शिवी समजू नकोस. नटाला माहीत असतं की हा रंग आहे आणि प्रयोग संपला की खोबरेल लावून पुसायचाय. येशू ज्यांना नट म्हणतो त्यांचा घोटाळा वेगळा, ते रंग न पुसता घरी गेलेत आणि घरच्यांनाही तोच चेहरा खरा वाटायला लागलाय. कधीकधी स्वतःलाही.

दुसरं, पाटी. मत्तय सहामध्ये दान देताना पुढं कर्णा वाजवणाऱ्यांबद्दल येशू म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय. तिथं जे ग्रीक क्रियापद आहे ते त्या काळच्या पावत्यांवर लिहायचे. इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या कागदांवर तेच आहे, रक्कम पोचली, बाकी काही नाही. म्हणजे येशू शाप देत नाहीये, हिशोबाची भाषा बोलतोय, तुम्ही टाळ्या विकत घेतल्या, टाळ्या मिळाल्या, ही घ्या पोचपावती. तुझ्या चर्चच्या दारातली संगमरवरी पाटी मला तशीच दिसते. पावती जरा जड दगडाची आहे एवढंच.

कुर्बानचं. तो नियम मुळात वाईट नव्हता. एखादी वस्तू देवाला वाहिली असा नवस केला की ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही, नवस मोडायचा नाही, यात देवाचं भयच होतं. घोटाळा झाला तो त्याचा उपयोग आईबापाची मागणी टाळायला झाला तेव्हा. दहा आज्ञांतली पाचवी, आईबापाचा मान राख ही आज्ञा बाजूला सारायला त्यांनी देवाचंच नाव वापरलं. साधा चोर चोरी करतो तेव्हा निदान देवाची सही घेत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, ऐकायचं कशाला. मत्तय तेवीस उघड. ढोंग्यांना येशू चुना लावलेल्या कबरा म्हणतो ते सगळ्यांना पाठ असतं, पण अध्यायाची सुरुवात कुणी वाचत नाही. सुरुवातीलाच येशू लोकांना म्हणतो, हे शास्त्री-परूशी मोशेच्या आसनावर बसलेत, तेव्हा ते सांगतात ते करा, ते करतात तसं करू नका. वाचणारा खोटा निघाला म्हणून वाचलेलं खोटं होत नाही, आणि ऐकणाऱ्याची त्यातून सुटका होत नाही. ही अडचणीची गोष्ट आहे. मलाही आवडत नाही.

कृष्णाकाठची_लेक

मास्तर, छान लिहिलंत. पण मी जरा कडू बोलणार आहे.

दादा, राग मानू नका, तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये आज्जी दोन वाक्यांत आहे आणि आप्पा वीस वाक्यांत. आज्जीच्या गोळ्या कोण देतं? तुम्ही शेवटचे कधी गेला होता? २०१९ ला पडलेली भिंत आहे, तेव्हापासून तुम्ही कमावते असाल की. मी आप्पांची बाजू घेत नाहीये, ते चुकलेलेच आहेत. पण आमच्याकडे पण असंच चालायचं, घरातले सगळे मिळून एका माणसाला ढोंगी ठरवायचे, आणि तो एकदा ठरला की बाकीचे सगळे मोकळे.

मिरज_मेडिकलवाला

@कृष्णाकाठची_लेक ताई, लागलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं उलट लिहावं, दोनदा टाईप करून खोडलं.

गोळ्या मी पाठवतो, बीपीच्या आणि थायरॉईडच्या, दुकानात खरेदीच्या भावात मिळतात, गावाकडची दूधगाडी येते तिच्या ड्रायव्हरजवळ देतो. गेलो होतो जानेवारीत. आता तुम्हीच मोजा किती महिने झाले. मिरजेहून बसनं दीड तास. पगार काही फार नाही, बाईकचा हप्ता आहे, पण भिंत एवढी पण मोठी नाही हे खरंय. मी कधी गवंड्याला विचारलंच नाही किती लागतील म्हणून. आप्पांचं काम आहे ते, असंच डोक्यात.

पुण्यात_शिकलेला

मूळचा मिरजेचाच, थिऑलॉजी करायला पुण्यात होतो, पाळक झालो नाही ही वेगळी गोष्ट. पहिल्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

अपात्र माणसाच्या हातून संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन, घ्यावा का, यावर चर्चमध्ये शंभर वर्षांहून जास्त भांडण झालंय. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत, म्हणजे आजचं ट्युनिशिया-अल्जेरिया, काही बिशप आणि पाळकांनी जीव वाचवायला पवित्र शास्त्राच्या प्रती सैनिकांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर हेच लोक परत वेदीपाशी उभे. तेव्हा एक मोठा गट म्हणाला, यांनी वचन हातानं देऊन टाकलंय, यांच्या हातचा बाप्तिस्मा आम्ही धरत नाही. पुढाऱ्याच्या नावावरून त्यांना दोनातुसवादी म्हणतात. विचार कर, त्यांची बाजू काय पोकळ होती का? त्यांच्या घरातली माणसं मेली होती.

त्यांना उत्तर दिलं हिप्पोच्या ऑगस्टीननं. तो म्हणाला, संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. त्याचा दृष्टांत आपल्या ऊसवाल्यांना लगेच कळेल: पाणी दगडी पाटातून वाफ्याला जातं, पाटात काही उगवत नाही, पण वाफा भिजतो. तर आप्पा म्हणजे पाट समज. पाट कोरडाच राहिला हे पाटाचं दुर्दैव, तू का तहानेला राहतोस. (४११ साली कार्थेजला मोठी सभा होऊन दोनातुसवाद्यांच्या विरोधात निकाल गेला. पुढं त्यांच्यावर सरकारी जबरदस्ती झाली आणि ऑगस्टीननं तिचं समर्थन केलं, तो डाग त्याच्यावर आहेच. म्हणजे बरोबर बोलणारा माणूस बरोबर वागतोच असं नाही, बघ परत तिथंच आलो.)

पण एक. तू उठून गेलास ते मला सरसकट चूक वाटत नाही. मत्तय पाचमध्ये आहेच, वेदीजवळ दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. उपासना अर्धी टाकून जायची परवानगी येशूनंच दिलीय. प्रश्न एवढाच की तू उठून गेलास कुठं?

मिरज_मेडिकलवाला

स्टँडवर. चहा घेतला, वडापाव खाल्ला.

सांगलीचा_भडंग

😂😂 भावा निदान खरं तर बोललास

साताऱ्याची_सून

मी माहेरची सांगलीची, सासर सातारा. मला यात एक धोका दिसतोय, बोलते. "आधी स्वतःकडे बघ", "न्याय करू नका", "आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ" ही सगळी वचनं आमच्या मंडळ्यांमध्ये कुणाच्या उपयोगी पडतात सांगा? ज्याच्याजवळ माईक असतो त्याच्या. हिशोब विचारला की मुसळ. सुनेनं तोंड उघडलं की मुसळ. म्हणून या मुलाला लगेच आत्मपरीक्षणाला बसवू नका, त्याचं म्हणणं खरं आहे आधी तेवढं मान्य करा. कुसळ-मुसळाचा धडा पूर्ण वाचला तर शेवट "मग तुला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला स्पष्ट दिसेल" असा आहे. म्हणजे कुसळ काढायचंच आहे, डोळ्यात ठेवून द्यायचं नाहीये.

आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट घ्या. प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्र अंत्युखियात यहुदी नसलेल्या लोकांच्या पंगतीला बसायचा. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि हा हळूच त्यांच्यातून उठला, वेगळा बसायला लागला, त्याचं बघून बर्णबा पण. पौलानं काय केलं, बाजूला घेऊन कानात सांगितलं? सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं.

मला ही गोष्ट का पाठ आहे ते सांगते. माझं लग्न जमवताना आलेल्या सात स्थळांपैकी पाच ठिकाणी, सगळी ख्रिस्ती, सगळी वचन पाळणारी, चहा यायच्या आधी प्रश्न आला, "तुम्ही मूळचे कुठले?" ते गाव विचारत नसतात. काय विचारतात ते इथं सगळ्यांना कळतं. एका ठिकाणी भिंतीवर भलं मोठं वचन लावलेलं, ख्रिस्तात ना यहुदी ना हेल्लेणी (म्हणजे ग्रीक). त्या फ्रेमच्या खाली बसून विचारलं. तेव्हा ढोंग म्हणजे फक्त मोठ्या देणगीवाल्यांचं नसतं हे मलाही मान्य आहे, पण मग सगळ्यांचंच आहे म्हणून कुणाचंच नाही असं करू नका.

निवृत्त_मास्तर_सांगली

@साताऱ्याची_सून बाई, अगदी बरोबर पकडलंत. त्यात एक भर, त्या पेत्राच्या प्रसंगात पौल जो शब्द वापरतो तो तोच, हुपोक्रिसिस, नाटक. पंगतीतून उठणं हे नाटक.

पण माझं एक म्हणणं ऐका, आपण 'परूशी' ही शिवी करून टाकलीय ते बरं नाही. परूशी वाईट माणसं नव्हती, त्या काळातली सगळ्यात जास्त धर्म पाळणारी, लोकांत मान असलेली माणसं होती. निकदेम परूशी होता. गमलिएल परूशी, त्यानं सभेत उभं राहून प्रेषितांना वाचवलं. खुद्द पौल परूशी. हेरोद तुला मारायला बघतोय, इथून निघ, असं येशूला सांगायला आले ते परूशीच, लूक तेरामध्ये आहे. आणि मंदिरात प्रार्थना करणारा तो दृष्टांतातला परूशी, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, तो खोटं बोलत होता असं कुठं म्हटलंय? करत असणार सगळं. म्हणून तर गोष्ट बोचते.

चुन्याचं पण तसंच. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या आधी कबरांना चुना मारायचे तो सजावटीसाठी नव्हे, यात्रेकरूचा चुकून पाय लागून विटाळ होऊ नये म्हणून, म्हणजे इशारा म्हणून. आपण पण ईस्टरच्या आधी कबरस्तानात जाऊन चुना मारतोच, पोरं हात पांढरे करून येतात. मी दरवर्षी वडिलांच्या कबरीला मारतो आणि दरवर्षी हे वचन आठवून जरा ओशाळतो.

पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता पण न्याय, दया, विश्वास सोडता, असंही त्याच मत्तय तेवीसमध्ये म्हटलंय. तिथं सुद्धा येशू जिऱ्याचा दशांश बंद करा म्हणत नाही, हे करायचं होतं आणि ते सोडायचं नव्हतं म्हणतो. आप्पांची फरशी उखडायला कुणी सांगत नाही. फरशी राहू दे, भिंत बांधा.

पलूसचा_माळकरी

मी तुमच्यातला न्हाय, माळकरी हाय, दोस्तानं लिंक पाठवली म्हणून आलो. वाचून बरं वाटलं म्हणजे वाईट वाटलं, म्हणजे काय ते समजून घ्या. आमच्याकडं बी दिंडीत भजनाला पहिल्या ओळीत आणि बांध कोरण्यात बी पहिल्या ओळीत असली माणसं हायत. माळ गळ्यात, नदरा शेजाऱ्याच्या सरीवर. बोले तैसा चाले म्हणायचं आणि चालायचं तिसरीकडंच.

एक इचारू का? तुमचा देव एवढा कडक बोलला, तर त्या लोकांनी पुढं काय केलं? ऐकलं का?

पुण्यात_शिकलेला

@पलूसचा_माळकरी दादा, त्याला क्रुसावर दिलं. म्हणजे रोमनांनी दिलं, पण त्याला त्यांच्या हवाली केलं ते मुख्य याजक आणि पुढारी मंडळींनी. काहींनी ऐकलं पण, निकदेम शेवटी त्याच्या प्रेताला लावायला गंधरस आणि अगरू घेऊन आला, योहानात आहे, सुमारे पन्नास शेर वजन. मेल्यावर आला खरा, पण उघडपणे आला.

पलूसचा_माळकरी

आसं व्हय. उशिरा का हुईना.

साताऱ्याची_सून

दादांच्या प्रश्नावरून आठवलं. साताऱ्यात ना. वा. टिळक शेवटच्या काळात राहिले. आपण त्यांची गाणी उपासनेत म्हणतो, पण हा माणूस म्हातारपणी काय करून बसला हे कमी सांगतो. १८९५ ला बाप्तिस्मा, वीस-बावीस वर्षं मिशनमध्ये काम, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून इथं देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात यावेत म्हणून. दोनच वर्षांत गेले, १९१९ ला. त्यांचं सगळं पटायलाच पाहिजे असं नाही. पण पगार सोडून बोलणारा माणूस दिसला की मी जरा सावरून बसते.

कृष्णाकाठची_लेक

आणि मिरजवाल्यांनी वानलेसबाबांना विसरू नये. अमेरिकन मिशनचे डॉक्टर, १८८९ ला भारतात आले, १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा केला, आमच्या आजोळी हिंदू-मुसलमान सगळे त्यांना डॉक्टर म्हणून ओळखायचे, मिशनरी हा शब्द नंतर. वानलेसवाडीचा स्टॉप आला की कंडक्टर ओरडतो, अर्ध्या लोकांना माहीत नसतं कुणाचं नाव आहे ते.

पण मूळ मुद्द्यावर या. दादा, पुढं काय करणार?

पुण्यात_शिकलेला

मी सांगतो काय करायचं, कारण ते लिहून ठेवलंय. मत्तय अठरा. भावानं अपराध केला तर आधी जाऊन त्याला एकट्याला सांग, तू आणि तो. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. आपण हे उलटं करतो, आधी नेटवर, मग मंडळीत कुजबुज, मग भाऊकीत दोघंतिघं, आणि त्या माणसाला कधीच नाही. पाळकसाहेबांकडे जाणं ही तिसरी पायरी आहे, तू पहिलीवरनं उडी मारतोयस.

आणि करिंथकरांस पहिलं पत्र अकरा पण वाच. भाकर घेण्याआधी माणसानं स्वतःची परीक्षा करावी असं तिथं आहे, ताटली फिरवणाऱ्याची करावी असं नाही. पण पौल ते कशावरून बोलतोय बघ. करिंथात प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन खाऊन पिऊन घेत आणि गरीब उपाशी बसत. अयोग्य रीतीनं खाणं म्हणतो ते त्यावरून निघालंय. तुझ्या आज्जीची खाट चुलीजवळ सरकते, हा प्रभुभोजनाचाच विषय आहे, घरगुती भांडण समजू नकोस.

मिरज_मेडिकलवाला

बारा दिवसांनी लिहितोय. माफी.

गेलो होतो आप्पांकडं, मंगळवारी दुकान सुटल्यावर, एकटा. काकूंनी पोहे केले. मी सगळं पाठ करून गेलेलो, तिथं गेल्यावर नुसतं म्हणालो, "आप्पा, तुम्ही कुर्बानचं वाचलं तेव्हा मला आज्जी आठवली." ते काही बोलले नाहीत बराच वेळ. मग उठून कपाटातनं एक जुनी डायरी काढली. २०११ सालची. माझ्या वडलांचं डायलिसिस चालू होतं तेव्हाचा हिशोब, कुठल्या दिवशी किती, सगळं आप्पांच्या अक्षरात. आम्हाला आईनं सांगितलेलं की मिशनच्या कुठल्यातरी फंडातनं झालं. आईलाही तसंच माहिती होतं. ते फंड म्हणजे आप्पा होते. त्याची पाटी कुठंच नाही.

मी काय बोलणार.

पण मग मी म्हणालो की आज्जीची भिंत? तर एकदम चेहरा बदलला. म्हणाले, आत्यानं जमिनीच्या वाटणीवर सही दिली नाही, तिनं आधी सही करावी मग भिंत. मी म्हटलं, आप्पा, खाट आज्जीची आहे, सही आत्याची. म्हणाले, तुला कळत नाही. काकू आतून म्हणाल्या, त्याला कळतंय. तिथंच थांबलं सगळं. पोहे तसेच राहिले. निघताना त्यांनी प्रार्थना केली, छोटीच केली या वेळी, पण आज्जीचं नाव घेतलं नाही.

म्हणजे आता मला माणूस आधीपेक्षा कमी कळलाय. आधी सोपा होता.

रविवारी चर्चला गेलो नाही, गावाला गेलो. आत्यानं विचारलं उपासना चुकवून आलास का, म्हटलं हो. आज्जीला कमी ऐकू येतं, तिला वाटलं मी वडील आहे माझे, तीन वेळा त्यांच्याच नावानं हाक मारली. मागची बाजू बघितली. पत्र्याखालचा पाया शाबूत आहे, दगडी आहे, वरची माती गेलीय. लांबी चौदा फूट भरली, टेप आत्याकडंच होती. चुलतभावाला फोटो पाठवले, तो म्हणाला निम्मे मी देतो पण बाबांना सांगू नको, म्हणजे त्याचंही एक कुर्बान सुरू झालं, जाऊ दे.

दुसरी पायरी, एकदोघांना घेऊन जायची, ती करायचीय. काकूंना घेऊन जाता येतं का हा विचार करतोय, त्या घरातच आहेत तरी. मास्तर, चालतं का तसं?

आणि एक काम आहे. वाळवा, बोरगाव, पलूस भागात कुणी गवंडी माहीत असेल तर सांगा. वीट घ्यावी का ब्लॉक, पुराच्या पट्ट्यात काय टिकतं, ते पण.

निवृत्त_मास्तर_सांगली

काकू चालतात. काकूच चालतात.

पलूसचा_माळकरी

माझा मेव्हणा गवंडी हाय, बोरगावचाच. पुराच्या पट्ट्यात भाजलेली वीट घ्या, पण खालचे तीन फूट सिमेंटात घट्ट दर्जा भरून घ्या, मातीत चिणू नका. चौदा फुटाला चार-पाच दिस लागतील. शुक्कारी बाजार असतोय तेव्हा तो येत न्हाय, बाकी कधीबी. नंबर मेसेजात टाकतो. मजुरीचं माझ्यासमोर बोला, त्यो जास्ती सांगतोय.